रिकामं पाकीट पाठवू नये

समजा, तुम्ही फिनलंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात राहता. दुपारच्या चहाच्या वेळेलाच अंधार पडतो. खिडकीबाहेर बर्फ, आणि त्या बर्फाखाली एक तळं, ज्याच्यावरून लोक खुशाल चालत जातात. तुमच्या हातात बँकेचं कार्ड आहे आणि त्याची मुदत संपली आहे. ज्या खात्याचं ते कार्ड, ते खातं मात्र दूर नगर जिल्ह्यात, सोनईच्या बाजारपेठेतल्या एका बँकेत आहे. घरी जायच्या तिकिटाचे पैसे तुम्ही त्या खात्यात बाजूला टाकलेत. मुद्दाम तिकडे टाकलेत, कारण हाताशी ठेवले की ते गरम कपड्यांत आणि बसच्या पासात विरघळून जातात. बँक म्हणते, नवं कार्ड देतो, पण परदेशी पाठवत नाही. नोंदवलेल्या पत्त्यावरच येईल. नोंदवलेला पत्ता म्हणजे तुमचं घर. मग ते कार्ड घरच्यांनी दुसऱ्या पाकिटात घालायचं, आणि तुम्ही रोज कामावरून येताना जिन्याखालच्या पत्रपेटीत हात घालून बघायचं.

एवढं तुम्हाला जमेल. अवघड काम दुसऱ्या टोकाला आहे. तिथं तुमचे वडील बसलेत, आणि त्यांच्या हातात ते पाकीट आहे.

रंगनाथतात्या त्या दुसऱ्या टोकाला होते.

तात्या म्हणजे सोनईचा टेम्पोवाला माणूस. विहिरीच्या कडेनं थोडी जमीन, गोठ्यात एक गाय, आणि दारात टेम्पो, ज्याच्या कपाळावर लाल अक्षरांत ‘ज्योती’ लिहिलेलं. उभी हयात त्यांनी लोकांचा कांदा वाहिला. घोडेगाव, नेप्ती, पुणे, क्वचित वाशी. त्यामुळे कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर तात्यांना आधी तिचा रस्ता समजावा लागतो. लग्नाची बोलणी असोत की सरकारी योजना, ते विचारणार, “ते ठीक हाय, पन गाडी कुठून कुठं जाती?” माल उतरला की ते टेम्पो लिंबाखाली लावतात, पाय खिडकीतून बाहेर काढून आडवे होतात आणि डोळा लागतो. त्या झोपेत त्यांना रस्तेच दिसतात. त्यांच्या पत्नी सविताकाकू म्हणतात, “या मानसाला सपान बी डिझेलवर पडतं.”

ज्योती त्यांची एकुलती मुलगी. परिचारिकेचं शिक्षण घेतलं, एवढ्या लांबची भाषा शिकली आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली. ती गेली तेव्हा शेतात हुरड्याचे दिवस होते. विहिरीजवळच्या, कणसं भाजायच्या आगटीपाशी बसून तिनं शेवटचं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून भुसा उडवला, दाणे तात्यांच्या हातावर ओतले आणि म्हणाली, “पुढच्या हुरड्याला येते.” तो हुरडा गेला, त्याच्या पुढचा गेला, त्याच्याही पुढचा. तात्यांनी तिला कधी टोचून विचारलं नाही. पण दर हिवाळ्यात ज्वारी दुधात आली की ते पहिलं कणीस भाजून घ्यायचे नाहीत. “दात दुखत्यात,” म्हणायचे.

या वर्षी ती नक्की येणार होती. रजा जानेवारीच्या सुरुवातीची मिळाली होती. तिकीट काढायला बसली, तर कार्डाची मुदत संपलेली आणि त्यापायी मोबाईलवरचं बँकेचं खातंही कुलूपबंद.

“मैत्रिनीकडून घे की,” काकू फोनवर म्हणाल्या.

“न्हाई आई. घरी यायचं ते आपल्या पैशानं.”

“मंग कार्ड आलं की नंबर वाचून दावू का तुला?”

“अजिबात वाचायचा नाही. फोटो पण पाठवायचा नाही. बंद पाकीट तसंच मला पाठवा. ते मीच चालू करणार. पिन कुणाला सांगायचा नसतो.”

“बापाला बी न्हाई?”

“बापाला बी न्हाई.”

“बघा,” काकू तात्यांकडे वळल्या, “लेकीला एवढं शिकवलं, ते तुमालाच चोर ठरवायला.”

तात्यांना मात्र ते आवडलं. कुणाच्या मालाचं पोतं आपण उघडत नाही, तसंच हे. फोन त्यांनी हातात घेतला आणि रोजचा प्रश्न विचारला, “तिकडं उजाडलं का?”

“नाही अजून.”

“आन कोंबडं कवा आरवतं?”

“इथं कोंबडं कुठलं, तात्या!”

“तरीच उजडंना.”

दिवाळीच्या तोंडावर पोस्टमननं पाकीट आणून दिलं. काकूंनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. लक्ष्मीपूजनाला त्याच्यावर झेंडूचं फूल पडलं आणि ते पाकीट दोन दिवस पणतीच्या उजेडात हसल्यासारखं दिसत राहिलं. भाऊबीज झाली आणि तात्या ते मोठ्या पाकिटात घालायला बसले. आधी एका कोऱ्या कागदात गुंडाळलं. मग थांबले.

चुलीपाशी बसलेल्या काकू कुणाशी तरी बोलावं तसं स्वतःशीच बोलल्या, “पोरीला रिकामं पाकीट धाडायचं म्हंजी कसंतरीच वाटतं.”

आमच्याकडे शेजारणीचा डबा परत करताना तो रिकामा देत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर, गुळाचा खडा, निदान दोन दाणे. रिकामं भांडं दारातून गेलं की घरातलं भरलेपण बरोबर घेऊन जातं, असं मानतात. काकू बोलल्या आणि भाकरी थापायला लागल्या. त्या बोलण्याचं पुढं काय झालं, हे त्यांना बरेच दिवस माहीत नव्हतं.

तात्या उठले. माळवदाच्या तुळईला बियाण्यासाठी टांगून ठेवलेली मालदांडीची कणसं होती. टपोरी, मोत्यासारखी ज्वारी. त्यांनी एका कणसाला अंगठा लावला, तळहातावर थोडे दाणे आले. त्यांतले किडके वेचून काढले. उरलेले कागदाच्या घडीत घातले, घडी चिकटपट्टीनं बंद केली आणि कार्डाच्या बंद पाकिटाच्या पाठीला लावली. पाकिटावरून हात फिरवला तर बोटांना बारीक खडे लागले. त्यांना बरं वाटलं. टेम्पोत माल भरल्यावर ताडपत्रीवरून हात फिरवताना वाटतं, तसं.

दुसऱ्या दिवशी नेप्तीला कांदा उतरवून ते केडगावला गेले. तिथं परदेशी पार्सलं घेणारं एक दुकान आहे. काउंटरला दिशा नावाची मुलगी होती.

“काका, आत काय आहे?”

“बँकेचं कार्ड. लेकीचं.”

“आणि?”

“आन कागद.”

“बाकी काही नाही ना? खायचं, प्यायचं, औषध, बी-बियाणं?”

आता इथं तात्या खोटं बोलले, असं कुणी म्हणेल. तात्यांचं म्हणणं तसं नाही. मला सांगताना ते म्हणाले, “आरं, डब्यात काय हाय म्हनून कुनी इचारलं, तर मानूस भाजी सांगतं, भाकरी सांगतं. मीठ सांगतं का कुनी?”

त्यांनी दिशाला सांगितलं, “न्हाई.” तिनं पाकीट चिकटवलं, त्याच्यावर पट्टी लावली आणि पावतीवरचा लांबलचक आकडा तात्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिला. “इथं दाबलं की कळतं कुठं पोचलं ते.”

तात्यांना आयुष्यात इतकी आवडलेली दुसरी वस्तू नसेल. स्वतः न चालवता रस्ता बघायला मिळत होता. पाकीट पुण्याला गेलं. पाकीट मुंबईला गेलं. मुंबईहून उडालं. लिंबाखाली टेम्पोत पाय बाहेर काढून पडल्या पडल्या तात्या त्याच्याबरोबर जात. त्यांना दिसे, की एक भला मोठा टेम्पो ढगांतल्या रस्त्यानं चाललाय, त्याच्या कपाळावर लाल अक्षरांत नाव आहे, आणि हौद्यात फक्त एक पाकीट. घाट लागला की पाकिटातली ज्वारी किंचित हलते, खुळखुळ असा आवाज येतो. खाली समुद्र, मग वाळू, मग उसाच्या पाचटासारखे पिवळे डोंगर. मग पांढरं. सगळं पांढरं, जणू सगळ्या गावानं एकदमच घरांना चुना काढायला घेतलाय. त्या पांढऱ्यात एक दिवा, आणि दिव्याखाली लेक हात चोळत उभी. जाग आली की ते मोबाईल दाबून बघत.

“कुठं पोचलंय?” काकू विचारत.

“जर्मनीत हाय.”

“काय करतंय तिथं?”

“चहा पीत असंल. ड्रायव्हर मानूस थांबनारच की.”

पाकीट फिनलंडला पोचलं. आणि तिथं थांबलं. आज दाबलं तरी तेच, उद्या दाबलं तरी तेच. इंग्रजीत एक ओळ येई. दिशानं फोनवर अर्थ सांगितला, “काका, कस्टममध्ये अडकलंय. म्हणजे जकात.”

जकात म्हटल्यावर तात्यांना सगळं डोळ्यांसमोर दिसलं. नगरच्या वेशीवर पूर्वी जकात नाके होते. बांबू आडवा, पाठीमागं पत्र्याची टपरी, आणि टेम्पोंची रांग. नाक्यावरचा माणूस हौद्यात चढायचा, पोत्यात हात घालायचा. कांदा चांगला असला की चार कांदे काढून टपरीत ठेवायचा आणि बांबू वर करायचा. तात्यांना त्याचा कधी राग आला नाही. माल चांगला असल्याची ती पावतीच होती.

म्हणून ते निवांत होते. ज्योतीचा फोन येईपर्यंत.

“तात्या, पाकिटात काय घातलंय?”

“कार्ड.”

“अजून?”

“कागद.”

“तात्या.”

 काकू हातातलं लसूण सोलणं थांबवून बघायला लागल्या.

“ज्वारी,” तात्या म्हणाले. “लई न्हाई. ईलिशी.”

 मग ज्योतीनं सांगितलं ते असं, की त्या देशात बाहेरचं बियाणं न सांगता आणता येत नाही. त्याच्याबरोबर कीड येते, रोग येतो. पाकीट त्यांनी उघडलं आहे, तिला पत्र आलं आहे. ती त्यांना अर्ज करणार आहे, की दाणे काढून घ्या पण कार्ड द्या. ते मानले तर ठीक. नाहीतर पाकीट परत तरी येईल, नाहीतर सगळंच नष्ट करतील.

“आन रजा?” तात्यांनी विचारलं.

“रजा कधीची ते आत्ताच सांगायचं आहे. तिकीट हातात नसताना जानेवारी धरून ठेवता येत नाही. दुसरी एक जण वाट बघतेय. मी तिला दिली. मला आता फेब्रुवारी संपतानाची मिळेल. ती पण कार्ड आलं तर.”

काकूंनी फोन हिसकावून घेतला. “अगं, तवर ज्वारी पार कडक व्हती! दगडाला लाजवंल!”

“माहितीय आई.”

“आवो, तुमाला कुनी सांगितलं हुतं शानपन करायला?”

तात्यांनी तोंड उघडलं होतं; ‘तूच म्हनालीस’ असं म्हणता आलं असतं. म्हणाले नाहीत. टोपी घातली आणि विहिरीकडे गेले.

आपली लेक यायची ती आपल्याच चिमूटभर ज्वारीनं अडवली, हे त्यांना पचेना. बांधावर बसून त्यांनी समोर बघितलं. सगळ्या शिवारात ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती. जानेवारीत ती दुधात येणार, हुरडा होणार, आणि फेब्रुवारी संपताना पिवळी, टणक, काढणीला तयार. शिवाराला थांब म्हणता येत नाही. फक्त विहिरीच्या अंगाला एक वाफा रिकामा होता, गायीचा घास मोडून टाकलेला.

दुसऱ्या दिवशी तुळईवरची उरलेली कणसं खाली आली.

शेजारच्या रानातल्या छगननं लांबून बघितलं आणि बांधावर येऊन उभा राहिला. छगन आणि तात्या लहानपणापासूनचे.

“काय पेरतूस रं, रंग्या?”

“ज्वारी.”

“आत्ता? लोकांची कणसं पोटरीत याय लागली, आन तू आत्ता?”

“हुरड्याला हाय.”

“हुरड्याला! आरं, तुझा हुरडा तयार व्हईस्तवर लोक टरबूज खात्याल. आन खोडमाशी सोडंल व्हय त्याला?”

“न्हाई सोडली तर न्हाई सोडली.”

“आन पाखरं? सगळ्या शिवारात तुझी एकट्याची कवळी असनार. पार नेवाशापासनं येत्याल जेवायला.”

“येऊ दे. पंगत म्हनू.”

 छगन चप्पल काढून वाफ्यात उतरला आणि दुसऱ्या बाजूनं सरी ओढू लागला. “येडा हायेस,” म्हणाला. “पन सरी तरी सरळ वढ.”

कार्ड येणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. वाफा मात्र उगवून आला. तात्या त्याला पाणी देत आणि मोबाईल दाबून बघत. दोन्ही कामं एकाच हातानं चालत. मोबाईलवर तीच ओळ. वाफ्यावर मात्र रोज काहीतरी नवं असे. काही रोपं खोडमाशीनं वाळली, बाकीची तग धरून राहिली. दुपारच्या झोपेत आता टेम्पो चालायचा नाही. तो त्या पांढऱ्या रस्त्यावर एका बांबूपुढं उभा असायचा. टपरीत कंदील लागलेला. आत एक माणूस, डोक्यावर केसाळ टोपी, हातात घडीचा कागद. तो घडी उलगडतो. दाणे तळहातावर घेतो. उजेडात धरतो. आणि तिथंच तात्यांना जाग यायची, दर वेळी तिथंच. तो पुढं काय करतो ते दिसायचंच नाही.

गावात हुरड्याचा घमघमाट सुटला. संध्याकाळी रानोरान आगट्या पेटल्या. छगननं बोलावलं, तर तात्या म्हणाले, दात दुखतात.

मग एका सकाळी तात्या टेम्पो धूत असताना ज्योतीचा फोन आला. मागं कसला तरी आवाज होता, दार उघडल्यामिटल्यासारखा.

“तात्या, मी जिन्याखाली उभी आहे. पेटीसमोर.”

“बरं.”

“पाकीट आलंय. उघडलेलं, परत चिकटवलेलं. कार्ड आहे.” ती श्वास घ्यायला थांबली. “आणि तुमचा घडीचा कागद आहे. तो पण परत दिलाय त्यांनी. रिकामा. घडी तशीच.”

तात्यांच्या हातातल्या पाइपाचं पाणी कितीतरी वेळ नुसतं जमिनीवर पडत राहिलं.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा शिवार पिवळं पडलं होतं आणि त्याच्या मधोमध विहिरीकडेला एक हिरवा चौकोन होता. छगन म्हणाला होता तसंच झालं. मैना, चिमण्या, पोपट, सगळी त्या चौकोनावर उतरली. तात्यांनी टेम्पोतल्या जुन्या गाण्यांच्या सीडी दोऱ्यांना बांधून टांगल्या होत्या. त्या उन्हात फिरत आणि सगळ्या वाफ्यावर उजेडाचे तुकडे पळत. काकू बांधावर बसून ताट वाजवत. तरी निम्मी कणसं पाखरांनी नेली. निम्मी राहिली.

ज्योती आली. अंगानं बारीक झाली होती आणि उन्हात डोळे बारीक करत होती, उजेड कुणीतरी तोंडावर ओतल्यासारखी. घरात पाय टेकवला आणि पहिलं वाक्य बोलली, “आई, मला विहिरीवर जायचंय.”

संध्याकाळी आगटी पेटली. छगननं गोवऱ्या आणल्या होत्या. लसणाची चटणी, दही, गूळ. हवा गरम होती, घाम येत होता, आणि छगन म्हणत होता, “जगात पैला हुरडा असंल, जो पंख्याखाली खावा लागनार.” तात्यांनी निखाऱ्यातून पहिलं कणीस काढलं. ज्योतीनं ते तळहातावर चोळलं, फुंकर मारली. दाणे हिरवे, मऊ, वाफाळलेले. तिनं ते तात्यांच्या हातावर ओतले. तात्यांनी खाल्ले. दाताबद्दल कुणीच काही बोललं नाही.

खाऊन झाल्यावर ज्योतीनं पर्समधून तो घडीचा कागद काढला. आईच्या हातात दिला. “घे. तुझा डबा.”

काकूंनी घडी उलगडली. आत साखर होती. तिकडची, जाडसर, पांढरीशुभ्र. काकू हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

तात्यांनी चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. 

“ज्योती, त्या नाक्यावरच्या मानसानं दान्यांचं काय केलं गं?”

“नष्ट केले, तात्या. नियमच आहे. जाळतात.”

“पत्रात तसं लिवलंय?”

“लिहिलंय.”

“लिवलेलं असतंय.” तात्यांनी काठीनं निखारा हलवला. एक ठिणगी उडाली, वर गेली आणि वाफ्यावरच्या काळोखात कुठंतरी विझली. “मी आयुष्यभर नाके बघितले. चांगला माल हातात आला की त्यो मानूस टाकत न्हाई. कागद त्यानं किती जपून घडी घालून परत केला, बघ की. असा मानूस दानं जाळंल?”

 ज्योतीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सगळं जाळलं असंल, म्हन. पन एखादा त्याच्या त्या केसाळ टोपीत, न्हाईतर खिशाच्या शिवनीत ऱ्हायला असंल का न्हाई? त्यो घरी गेला असंल, कोट झटकला असंल. आन तिकडं बर्फ कवा वितळतो म्हनालीस तू?”